किशोरमागचा अशोक

आमच्या गल्लीतला एक पोरगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला कॉलेज सोडायचंय. अहिराणी गाणी म्हणतो, यूट्यूबवर टाकतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गातो. आता जळगावला खोली घेऊन पूर्णवेळ हेच करणार म्हणतो. वडील माझ्याकडे आले, ‘‘भाऊ, तुम्हीच समजवा याला.’’ मी तोंड उघडायच्या आत पोरानं विचारलं, ‘‘काका, किशोरकुमारनं तरी कॉलेज कुठं पुरं केलं?’’

खकनारमध्ये बसून याला उत्तर देणं सोपं नाही. 2003 मध्ये बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला, तोवर आम्ही खंडवा जिल्ह्यातलेच. म्हणजे किशोरकुमार आमच्या घरचाच माणूस. इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजातलं शिक्षण अर्धवट टाकून तो मुंबईला गेला. कँटीनची पाच रुपये बारा आणे उधारी राहिली आणि तीच 1958 च्या ‘चलती का नाम गाडी’तल्या गाण्यात आली, असं सांगतात. निमाडातल्या कॉलेज सोडू पाहणाऱ्या प्रत्येक पोराला ही गोष्ट पाठ असते.

गोष्टीतून अशोककुमार मात्र हमखास गळतो. किशोर मुंबईत धडपडायला लागला तेव्हा त्याचा थोरला भाऊ ‘किस्मत’चा नायक होता, देशातल्या सगळ्यांत मोठ्या नटांपैकी एक. 1948 च्या ‘जिद्दी’त किशोरला गाणं मिळालं, तो सिनेमा बॉम्बे टॉकीजचा, म्हणजे भावाच्याच घरचा म्हणा ना. आणि खुद्द अशोककुमार? कलकत्त्याला वकिली शिकता शिकता तो मुंबईला आला तो मेहुण्याच्या, शशधर मुखर्जींच्या भरवशावर; बॉम्बे टॉकीजच्या लॅबमध्ये कामाला लागला. दोघांनाही राहायला घर होतं, दोन वेळचं जेवण होतं. एवढं असूनही किशोरकुमार गायक म्हणून सगळ्यांच्या पुढे गेला तो ‘आराधना’नंतर, 1969 मध्ये. ‘जिद्दी’पासून 21 वर्षं.

त्याच 1969 साली डॉ. श्रीराम लागूंनी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस बाजूला ठेवून पूर्णवेळ नाटक धरलं. त्यांच्या पाठीशी भाऊ नव्हता, डिग्री होती.

पोराला मी एवढंच विचारलं, जळगावात तुझा अशोक कोण? तो गप्प. मग वडील सुरू झाले, की असल्या जुगारात पडणारी आमची माणसं नव्हेत. इथं मला हसू आलं. हा गृहस्थ दरवर्षी कर्ज काढून केळी लावतो. मे-जूनमध्ये एक वादळ आलं की घड धरलेली बाग आडवी होते, आणि ती वाचली तर भाव पडतो. पोरगा जुगार घरातच शिकलाय. फरक इतकाच की बाग गेली तरी बापाकडे जमीन उरते, पोराकडे आज तेही नाही.

मधली वाट आहे आणि ती आमच्याकडे नवी नाही. रेग्युलर सोडून प्रायव्हेटचा फॉर्म भरायचा, परीक्षेपुरतं यायचं; मध्य प्रदेशात नोकरदार, शेतकरी, लग्न झालेल्या मुली असंच तर शिकत आल्या. शिवाय 2021 पासून नव्या शिक्षण धोरणात एक वर्ष झालं की सर्टिफिकेट, दोन झाली की डिप्लोमा. म्हणजे याच्या डिप्लोम्याला एकच परीक्षा बाकी. ती बुडवून जाण्यात धाडस नाही, निव्वळ आळस आहे, असं मी त्याला तोंडावर सांगितलं.

‘‘डिप्लोम्यानं नोकरी लागते का?’’ वडिलांनी विचारलं.

नाही, म्हटलं. बी.ए. झाल्यावर तरी लागतेच असं कुठंय? त्यांना हे उत्तर आवडलं नाही. पोरगा हिशेबाला लागला होता. लग्नसराईच्या सुपाऱ्या घेतलेल्या, त्यातल्या दोन नेमक्या पेपरच्या आदल्या रात्रीच्या. एक सोडतो म्हणाला. दुसरी पार्टी पैसे चांगले देते.