दोरी गुंडाळण्याची घाई

गेल्या माघात आमच्याच भागातील एका देवस्थानच्या उत्सवात धावण्याची शर्यत झाली. तीस पाहुणे म्हणून आम्ही गेलो होतो. सात गावांतील चाळीसएक धावणारे वायंगणाच्या मळ्यांच्या बांधांवरून, ओढ्यातून व टेकडीला वळसा घालून परत देवळासमोरच्या पटांगणात यावयाचे होते. पहिले तिघे आले. ढोल वाजले, शाली पांघरल्या गेल्या, पाकिटे दिली गेली, भाषणे झाली. भाषणे संपता संपता गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला एक चाळिशीचा गृहस्थ पटांगणात धावत शिरला आणि मध्येच थबकला. शेवटची दोरी केव्हाच गुंडाळली गेली होती. आपली शर्यत नक्की कोठे संपली, हे त्यास सांगणारे कोणी तेथे उरले नव्हते. व्यासपीठावर आम्हीही बसलो होतो. तेव्हा या दोषाचा पहिला वाटा आमचाच आहे, हे प्रथम कबूल करतो.

हा केवळ एका गृहस्थाचा अनादर असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु यात शर्यत म्हणजे काय, याविषयीचेच आमचे अज्ञान उघडे पडले. रानावनातून धावण्याच्या या प्रकारास इंग्रजीत क्रॉस कंट्री म्हणतात. तेथे तो क्लबांनी वाढविला. टेम्स नदीवर नौका वल्हविणाऱ्या काही गृहस्थांनी हिवाळ्यात व्यायाम हवा म्हणून १८६८ साली टेम्स हेअर अँड हाउंड्स हा क्लब काढला. १८७६ साली एपिंगच्या अरण्यात इंग्लंडची पहिली राष्ट्रीय शर्यत योजली गेली, तेव्हा धावणारे वाट चुकले आणि शर्यत रद्द ठरली. पुढील वर्षी ती नव्याने भरली. आजही तीच शर्यत लंडनच्या पार्लमेंट हिलवर भरते, तेव्हा ऑलिंपिक पाहिलेला धावपटू आणि आठवडाभर कचेरीत बसणारा कारकून एकाच रेषेवरून चिखलात उतरतात.

या शर्यतीचा कायदा मोठा मार्मिक आहे. तेथे क्लबाच्या पहिल्या सहा गड्यांचे क्रमांक मिळवितात. ज्याची बेरीज लहान, तो संघ विजयी. समजा, एका क्लबाचे गडी १, २, ३, ४०, ५० व ६० असे आले, बेरीज १५६. दुसऱ्याचे १५, २०, २२, २५, २८ व ३० असे आले, बेरीज १४०. पहिली तिन्ही बक्षिसे ज्यांनी नेली, ते हरले! बेरीज समसमान झाली, तर जागतिक नियमानुसार ज्याचा शेवटचा मोजला जाणारा गडी पुढे, तो संघ वरचढ ठरतो. सातव्या गड्याचा क्रमांक बेरजेत धरत नाहीत. तरी तो प्रतिपक्षाच्या गड्यास मागे टाकतो तेव्हा त्यांची बेरीज एकाने वाढवितो. एकंदरीत, ज्याच्याकडे आम्ही पाठ फिरवितो, त्याच्याच पायांवर तेथे निकाल अवलंबून असतो. आम्हांस हे परके वाटावे काय? पालखीच्या दांड्याखाली एकाचा खांदा खचला की पालखी कलते. पुढचा भोई कितीही बळकट असो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: “ही तर हौशी मंडळी, यांच्यापासून गावास कीर्ती कोणती?” हौशी या शब्दाचा इतिहास आक्षेपकांनी जरूर पाहावा. १८६६ साली लंडनात निघालेल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबाच्या व्याख्येप्रमाणे कारागीर व मजूर हे हौशी ठरूच शकत नव्हते. पैशासाठी धावू नये, एवढ्यावर ते थांबले नाहीत. हाताने काम करणाऱ्यास त्यांनी दारातच अडविले. हे सोवळे केवळ आमच्याकडेच होते असे नाही! १८८० साली ऑक्सफर्ड येथे नवी संघटना स्थापन झाली, तिने ते कलम टाकून दिले. त्या काळी हौशी म्हणून घेण्याचा मान मजुरास नाकारला जाई. आज हौशी म्हटले की मानच नाकारला जातो. दोन्हीकडे चूक एकच: मनुष्य कसा धावला हे न पाहता तो कोण, हे पाहणे.

कीर्तीचेच बोलावयाचे, तर बेळगावचे फडेप्पा चौगुले आठवा. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये, ४२.७५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये त्यांचा क्रमांक १९ वा आला. सीमाभागातील मराठी माणूस ते नाव आजही अभिमानाने घेतो. आमच्या उत्सवाच्या पद्धतीने चौगुले दोरीपाशी पोहोचले असते, तेव्हा तेथे दोरी असती काय?

दुसरा आक्षेप द्रव्याचा. देवस्थानचा पैसा बक्षिसांत उधळू नये, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु आमची मागणी पैशाची नाहीच. पहिल्या तिघांची पाकिटे खुशाल असू द्यावीत. त्यांच्या जोडीला प्रत्येक गावाच्या सहा गड्यांचे क्रमांक मिळवून एक फिरती ढाल ठेवावी. दोरीपाशी कागद-पेन्सिल घेऊन दोन माणसे बसवावीत. आणि शेवटचा गडी येईपर्यंत भाषणे सुरू करू नयेत. या तीन गोष्टींस वेळ लागेल, खर्च जवळजवळ नाही. गावाची ढाल सहाव्यावर अवलंबून आहे असे कळले, म्हणजे चौथा, पाचवा व सहावाही पहाटे उठून धावू लागेल; आज त्याने उठावे तरी कशासाठी?

वाचकहो, आपल्या देवळात महाप्रसादाची पहिली पंगत उठली म्हणून कोणी पातेली धुवावयास काढीत नाही. शेवटच्या पंगतीतील शेवटचा मनुष्य जेवून उठेपर्यंत वाढपी उभा असतो, आणि त्याच्या पानावरही तोच प्रसाद पडतो. ही रीत आपणांस कोणी शिकवावी लागली नाही. तीच देवळासमोरच्या पटांगणात पाळावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. येत्या माघात त्या गृहस्थाने पुन्हा धावावे, अशी आमची इच्छा आहे. तो येईल तेव्हा दोरी धरावयास एका टोकाशी आम्ही स्वतः उभे राहू. दुसरे टोक देवस्थानच्या समितीने धरावे.