संस्थांचे व्यवस्थापन आणि मराठीचा अभ्यासक्रम

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची मांडणी आपण आजवर प्रामुख्याने लेखक, कलाकृती आणि संप्रदाय या तीन अंगांनी करीत आलो. या तिन्ही अंगांना आधार देणारे चौथे अंग म्हणजे संस्था. तिला मात्र आपल्या अभ्यासात तळटीपेपलीकडे स्थान मिळाले नाही. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९३ची, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची १८९८ची, महाराष्ट्र साहित्य परिषदेची १९०६ची आणि विदर्भ साहित्य संघाची १९२३ची, हे सन पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी पाठ करतो. या संस्था इतकी वर्षे टिकल्या कशा, त्यांचा खर्च कोणी भागवला, निर्णय कोणी व कोणत्या अधिकाराने घेतले, हे प्रश्न त्याला परीक्षेत येत नाहीत आणि वर्गातही कोणी विचारीत नाही. कला व संस्कृती यांच्याशी संबंधित संस्थांच्या व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मराठी विभागांनी आपल्या कक्षेत घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘व्यवस्थापन’ हा शब्द उच्चारताच साहित्याच्या अभ्यासकाच्या मनात एक अढी निर्माण होते. कलेला नफ्यातोट्याच्या तराजूत घालण्याचा हा प्रकार असावा, असे त्याला वाटते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. या विषयाच्या अभ्यासाचा एक पाया घालणारे बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांचे विवेचन १९६६ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : कारखान्यात यंत्रामुळे तेवढ्याच श्रमांत अधिक उत्पादन होते व त्यासोबत वेतन वाढते; परंतु चार वादकांची रचना सादर करायला शंभर वर्षांपूर्वी जेवढे वादक आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. कलावंताचे मानधन मात्र इतर क्षेत्रांच्या मागोमाग वाढवावेच लागते. म्हणून प्रयोगकलांमधील तूट ही केवळ गलथानपणाची खूण नव्हे. ती त्या व्यवहाराच्या घडणीतच असते. कलासंस्थेचा व्यवस्थापक ही तूट नाहीशी करणारा जादूगार नसतो. कोणती तूट सोसावी, कशासाठी सोसावी आणि ती कोणत्या मार्गाने भरून काढावी, याचा विवेक करणारा तो जाणकार असतो.

हा विवेक आपल्या परंपरेला अगदीच अपरिचित होता असे नाही. १८८० साली ‘शाकुंतल’च्या प्रयोगाने अवतरलेली किर्लोस्कर नाटक मंडळी अण्णासाहेबांच्या १८८५मधील निधनानंतरही दीर्घकाळ उभी राहिली. या यशाचे श्रेय आपण भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याला आणि देवलांच्या तालमीला देतो, व ते योग्यच आहे. परंतु मंडळीचा कारभार पाहणारे शंकरराव मुजुमदार आपल्या नाट्येतिहासात त्या मानाने दुर्लक्षितच राहिले. याउलट १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे वैभव आणि तिला ग्रासणारे कर्ज, या दोन्ही गोष्टी सर्वश्रुत आहेत. त्या कर्जाची कथा आपण कलावंताच्या औदार्याची शोकात्मिका म्हणून सांगतो. संस्थेच्या रचनेचा प्रश्न म्हणून ती फारशी तपासत नाही. साठोत्तरी लघुअनियतकालिकांबाबतही तेच घडले. सायक्लोस्टाइल यंत्राची निवड ही प्रस्थापितांविरुद्धची भूमिका होती, तशीच ती छपाईच्या खर्चाशी बांधलेली निवडही होती. या दोहोंचा एकत्र विचार केल्याशिवाय त्या चळवळीचे आकलन पूर्ण होत नाही.

आपल्या बहुतेक साहित्यसंस्था सेवाभावावर चालत आल्या. दिवसभर वकिली किंवा अध्यापन करून संध्याकाळी संस्थेच्या कार्यालयात बसणाऱ्या कार्यवाहांच्या पिढ्यांचे ऋण मोठे आहे. परंतु संस्थांपुढील कामाचे स्वरूप आज बदलले आहे. महाराष्ट्रातील अशी संस्था सामान्यतः १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, अशी दुहेरी नोंदलेली असते. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज करावा लागतो; स्थावर मालमत्ता विकायची तर पूर्वपरवानगी घ्यावी लागते. बदल अर्ज रेंगाळला की कारभाराच्या वैधतेचाच वाद उभा राहू शकतो. दुर्मीळ ग्रंथांचे अंकीकरण करायचे तर लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकणाऱ्या स्वामित्वहक्काचा हिशेब मांडावा लागतो. हे सारे केवळ निष्ठेने साधत नाही. आणि ते न साधल्यास निष्ठेने जमवलेला संग्रहच धोक्यात येतो.

येथे एक आक्षेप संभवतो. ही कामे वाणिज्य किंवा विधी शाखेच्या पदवीधराने करावीत, मराठीच्या विद्यार्थ्याला त्यात का गुंतवावे? लेखापरीक्षण लेखापालानेच करावे, यात दुमत नाही. तथापि शंभर जीर्ण ग्रंथांपैकी निधी फक्त दहांच्या जतनाला पुरणार असेल, तर ते दहा कोणते, हा प्रश्न हिशेबाचा नसून वाङ्मयीन मूल्यमापनाचा आहे. कोणत्या नव्या नाटकासाठी तोटा पत्करावा, कोणते नियतकालिक वर्गणीदार घटले तरी चालू ठेवावे, याचे उत्तर ताळेबंद एकटा देऊ शकत नाही. ज्याला साहित्य कळते त्याला हिशेब शिकवणे, हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो.

यासाठी वेगळी पदवी सुरू होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४पासून लागू झालेल्या पदव्युत्तर आराखड्यात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणासाठी चार श्रेयांक राखलेले आहेत. एखाद्या ग्रंथसंग्रहालयात वा नाट्यसंस्थेत हे श्रेयांक खऱ्या अर्थाने सत्कारणी लागू शकतात. विद्यार्थ्याने एका संस्थेची घटना वाचावी, पाच वर्षांचे ताळेबंद समजून घ्यावेत, सभावृत्तांत अभ्यासावेत, एका उपक्रमाचे अंदाजपत्रक स्वतः तयार करावे आणि या सर्वांवर प्रबंधिका लिहावी. संस्थेला त्यातून तिचा इतिहास मिळेल व विभागाला संशोधनाची अस्सल साधने.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. विद्यार्थी म्हणजे खुर्च्या मांडणारा फुकटचा मनुष्यबळपुरवठा, अशी संस्थेची समजूत होता कामा नये. दुसरे पथ्य अधिक कठीण आहे. प्रशिक्षित व्यक्तीला वेतन देणारे पदच संस्थांत निर्माण होणार नसेल, तर असे शिक्षण देणे ही विद्यार्थ्याची वंचना ठरेल. अध्यापकाच्या जागेची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या पात्रताधारकांची अवस्था आपण पाहतोच; तशीच आणखी एक रांग उभी करण्यात अर्थ नाही. संमेलनाच्या मांडवावर होणाऱ्या खर्चाचा काही अंश अशा एका पूर्णवेळ पदासाठी राखणे संस्थांना अवघड जावे असे वाटत नाही; प्रश्न प्राधान्याचा आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दर्जा घोषणेने मिळतो. पोथ्या, कोश, नाट्यसंहिता आणि नियतकालिकांचे अंक मात्र कोणीतरी कपाट उघडून, यादी करून, हिशेब ठेवून सांभाळावे लागतात. ते ‘कोणीतरी’ आपल्या वर्गात आज बसलेले आहे. त्याला काय शिकवायचे, हे ठरवण्याची जबाबदारी मराठी विभागांना टाळता येणार नाही.