कॉर्व्हेटची मूळ प्रत कोणती?

‘खरी कॉर्व्हेट’ हा शब्दप्रयोग ज्यांच्या तोंडी सतत असतो, त्यांच्याशी आमचे भांडण आहे. शेवरोलेच्या या मोटारीला अमेरिकेची अस्सल स्पोर्ट्स कार म्हणण्याचा प्रघात आहे. २०१९ साली तिची आठवी पिढी सादर झाली आणि इंजिन चालकाच्या पुढून पाठीमागे गेले, तेव्हा या अस्सलपणाच्या काही रखवालदारांनी परंपरा बुडाल्याचा, गाडी परकी झाल्याचा हंबरडा फोडला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा सूर परिचयाचा असेल. मूळ संहिता तेवढी शुद्ध आणि पुढचे सारे प्रक्षिप्त, अशी ही श्रद्धा आहे. कॉर्व्हेटच्या बाबतीत ती पुराव्यापुढे टिकत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

आधी मूळ प्रतच पाहू. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील प्रदर्शनात हार्ली अर्ल यांच्या कल्पनेतून उतरलेली, फायबरग्लासच्या अंगाची ही गाडी लोकांसमोर आली. त्या वर्षी फ्लिंट येथे फक्त ३०० गाड्या तयार झाल्या, साऱ्या पांढऱ्या. रूप देखणे होते; आत मात्र साधे सहा सिलिंडरचे इंजिन आणि दोनच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स. १९५४ मध्ये ३,६४० गाड्या बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ विक्रीवाचून पडून राहिल्या. १९५५ मध्ये तर अवघ्या ७०० बांधल्या, आणि त्याच वर्षी फोर्डच्या थंडरबर्डने १६ हजारांचा आकडा ओलांडला. ज्या मूळ प्रतीची पूजा बांधली जाते, ती ही!

ती तगली ती दुरुस्त्यांमुळे. दुरुस्ती करणाऱ्यांत अग्रणी होते झोरा आर्कुस-डन्टॉव्ह. १९०९ साली ब्रुसेल्समध्ये रशियन ज्यू आईबापांच्या पोटी जन्म, बर्लिनमध्ये शिक्षण, आणि नाझी फौजा फ्रान्समध्ये घुसल्यावर तेथून पलायन. १९५३ चे ते प्रदर्शन पाहून हा गृहस्थ त्याच वर्षी जनरल मोटर्समध्ये दाखल झाला. डिसेंबरात त्याने वरिष्ठांना टिपण धाडले: वेगाचे वेड असलेली तरुण मुले फोर्डकडे वळत आहेत, त्यांना आपलेसे करा. १९५५ मध्ये कॉर्व्हेटला व्ही-८ इंजिन मिळाले आणि पुढे शर्यतीच्या मैदानातला मान मिळाला, त्यात या निर्वासिताचा वाटा मोठा आहे.

१९६३ ची स्टिंग रे तर या मोटारीचे सर्वात लाडके रूप. बिल मिचेल यांच्या देखरेखीखाली तिला आकार देणाऱ्यांत लॅरी शिनोडा प्रमुख होते. जन्माने ते लॉस एंजेलिसचे, वंशाने जपानी. १९४२ नंतर अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबले. त्यांपैकी कॅलिफोर्नियातल्या मॅन्झनार छावणीत शिनोडांचे पोरवय गेले. त्याच गाडीची मागची काच मधल्या पट्टीने दुभंगलेली होती. मिचेलांचा तिच्यासाठी हट्ट होता. मागचे नीट दिसत नाही म्हणून डन्टॉव्हांचा विरोध होता. दुसऱ्याच वर्षी ती पट्टी गेली. आज संग्राहक नेमक्या त्या गैरसोयीसाठी पैसे मोजतात. प्रमाद झाला की कालांतराने त्यालाच पाठ म्हणायचे, ही रीत केवळ पोथ्यांची नाही.

आता परक्या ठरवलेल्या आठव्या पिढीकडे येऊ. इंजिन चालकाच्या पाठीमागे असावे, हा ध्यास खुद्द डन्टॉव्हांचा. १९६० पासून त्यांनी तशा प्रायोगिक गाड्या बांधल्या. व्यवस्थापनाने विक्रीची गाडी तशी होऊ दिली नाही. १९७५ मध्ये ते निवृत्त झाले, १९९६ मध्ये वारले. त्यांची रक्षा केंटकीतील बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात जपलेली आहे. भाविक त्या रक्षेपुढे नतमस्तक होतात आणि त्यांच्याच इच्छेला पाखंड म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, लोकांना भुरळ घालते ते इंजिनाचे सामर्थ्य. इतिहासाशी त्यांना काय कर्तव्य? मग १९७० च्या दशकाचे काय करावे? प्रदूषणाच्या नियमांनंतर १९७५ मध्ये मूळ इंजिनाची ताकद १६५ अश्वशक्तीवर आली होती, आणि तरीही १९७९ मध्ये ५३ हजारांहून अधिक गाड्या बांधल्या गेल्या. तो उच्चांक आहे. पडत्या काळात तगलेले हे आकर्षण शुद्ध मुळाचे नव्हते आणि निव्वळ बळाचेही नव्हते. युरोपीय गाड्यांच्या तोडीची मोटार त्यांच्याहून पुष्कळ कमी किमतीत देण्याचे वचन, आणि ते अपुरे पडले की पुढच्या आवृत्तीत सुधारण्याची तयारी, यांवर ते उभे आहे.

मिथक इतिहास पुसते, हे रोलाँ बार्तने १९५७ मध्येच दाखवले. येथे पुसली गेली आहेत ती माणसे. अस्सल गाडी कोणती, हा वाद आम्हांस निरुपद्रवी वाटत नाही, कारण अस्सल अमेरिकी कोण, हा प्रश्न त्याच्या शेजारीच राहतो. १९४२ मध्ये तो एका बारा वर्षांच्या मुलाला विचारला गेला होता, आणि उत्तर सरकारने परस्पर देऊन टाकले होते.