दोन शहरांमधला दिवस

उन्हाळ्याची चाहूल लागली की रक्तदाबाच्या नोंदींसोबत सहलीची माहितीपत्रकेही माझ्या टेबलावर येऊ लागतात. "डॉक्टर, युरोपला जायला हरकत नाही ना?" बहुतेकांना मी 'अवश्य जा' असेच सांगतो. आटोक्यात असलेला मधुमेह किंवा रक्तदाब हे घरी बसण्याचे कारण नव्हे. मात्र माहितीपत्रकातील प्रेक्षणीय स्थळांकडे मी फारसे पाहत नाही. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचे दिवस किती आणि ते कोणत्या वाहनाने काढायचे आहेत, एवढेच पाहतो. ज्येष्ठांची प्रकृती आयफेल मनोऱ्यापाशी क्वचितच बिघडते. बिघडते ती या मधल्या दिवसांत.

तो दिवस कसा असतो? पहाटे उठून सामान आवरायचे, न्याहारी घाईत उरकायची, गोळ्यांची पिशवी नेमकी मोठ्या बॅगेत तळाशी गेलेली. मग तासन्‌तास बसणे, आणि वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने पाणीच न पिणे. असा दिवस चौथ्या-पाचव्या दिवशी एकदा आला तर शरीर तो सोसते. दिवसाआड आला तर पाय सुजतात, साखर वरखाली होते आणि उठता क्षणी भोवळ येते.

गेल्या वर्षी एका दांपत्याने आणलेल्या कार्यक्रमात बारा दिवसांत सात शहरे होती. गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही गुडघे झिजलेले, बाईंना इन्सुलिन. त्यांच्या मुलासोबत बसून आम्ही सातांची चार शहरे केली : पॅरिस, झुरिक, मिलान, रोम. पॅरिसला उतरायचे आणि परतीचे विमान रोमहून घ्यायचे, म्हणजे आल्या वाटेने मागे फिरणे नको. मुलगा प्रथम विमानांचाच आग्रह धरून होता, कारण पॅरिस ते झुरिक हे उड्डाण जेमतेम सव्वा तासाचे. पण शहरापासून पंचवीस किलोमीटरवरचा विमानतळ, दोन तास आधी पोहोचणे, सुरक्षा तपासणीची रांग, लांबलचक चालणे आणि उतरल्यावर सामानाची प्रतीक्षा हे सारे मिळवले, तर हॉटेलच्या दारापासून दारापर्यंत पाच-सहा तास सहज होतात. थेट रेल्वेगाडीला सुमारे चार तास लागतात. ती शहराच्या मध्यातून निघते, मध्यातच उतरवते आणि गाडीत हवे तेव्हा उठून चालता येते. झुरिक ते मिलान साडेतीन तासांच्या आत, मिलान ते रोम सुमारे तीन तास. ज्येष्ठांसाठी माझा कौल रेल्वेलाच. रात्रीच्या गाड्याही आहेत. पण अरुंद शिडीने वरच्या बर्थवर चढणे आणि अंधारात डुलत्या डब्यातून स्वच्छतागृह गाठणे साठीपुढे मला पसंत नाही.

रेल्वेत खरी अडचण सामानाची. तेथे हमाल बहुधा मिळत नाही, काही डब्यांना चढायला पायऱ्या असतात आणि मधल्या स्थानकांवर गाडी दोन-चार मिनिटेच थांबते. म्हणून माणशी एकच बॅग, तीही स्वतःला उचलता येईल एवढी. गाडी बदलावी लागणार नाही अशीच निवडावी, भले ती तासभर उशिराची असो. पॅरिसमध्ये लंडन-ॲमस्टरडॅमकडील गाड्या एका स्थानकावर येतात आणि झुरिककडच्या दुसऱ्याच स्थानकावरून सुटतात. त्या दोहोंमध्ये मेट्रोने जाऊ नका. तेथील अनेक जुन्या मेट्रो स्थानकांत लिफ्ट नाही. टॅक्सीचे पैसे गुडघ्यांवरच्या औषधांत धरावेत.

एक सोय मात्र आपले लोक संकोचापायी घेत नाहीत. युरोपीय संघाच्या नियमांनुसार, वयामुळे ज्यांना चालणे जड जाते अशा प्रवाशांना विमानतळावर आणि रेल्वे स्थानकावर विनामूल्य मदत मिळते. विमानासाठी अठ्ठेचाळीस तास आधी कळवावे लागते. रेल्वेलाही दोन दिवस आधीच कळवून ठेवावे. चाकाच्या खुर्चीत बसणे म्हणजे पांगळे होणे नव्हे. फेरफटक्यासाठी पाय शिल्लक ठेवण्याचा तो उपाय आहे.

जे बसच्या सहलीने जाणार, त्यांच्याशी थोडे अधिक बोलायला हवे. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसून आले आहे. मुळात हा धोका लहान असतो. पण पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका. तेथील बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घेणे कायद्याने बंधनकारक आहे; आपल्याला मात्र दर दोन तासांनी उतरायला हवे. सहल नोंदवण्यापूर्वीच हे विचारून घ्या. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी ती परस्पर बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ पुढे नेता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे. स्थानकांवरच्या स्वच्छतागृहांना बरेचदा पैसे पडतात, म्हणून युरोची नाणी खिशात हवीत.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी गाडीत जेवण मिळेल या भरवशावर इंजेक्शन टोचू नये; अन्न समोर आल्यावरच टोचावे. दशमी, खाकरा, भाजलेले चणे जवळ असावेत. दूध, तूप, पनीर मात्र नेऊ नका. दुग्धजन्य पदार्थ बाहेरून आणण्यास युरोपीय संघात मनाई आहे. पॅरिसपासून रोमपर्यंत घड्याळ एकच असल्याने औषधांच्या वेळा एकदाच बदलाव्या लागतात. उन्हाळ्यात ते आपल्याहून साडेतीन तास मागे असते.

शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात जुन्या आजारांचा समावेश आहे का, हे मुलांनी किंवा सुनेने स्वतः वाचून पाहावे. बऱ्याच पॉलिसींत तो नसतो. औषधांच्या चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको, मूळ औषधाचे नाव हवे, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तेथील औषधविक्रेत्याला कळत नाहीत. चिठ्ठीची एक प्रत जोडीदाराच्या पाकिटात ठेवा. सारी औषधे हातातल्या पिशवीत घ्या. इन्सुलिन तर विमानात जमा करायच्या बॅगेत मुळीच नको. तेथील थंडीत ते गोठून निकामी होऊ शकते. चिठ्ठीच्या मागे ठळक अक्षरांत ११२ लिहून ठेवा. या चारही शहरांत तातडीच्या मदतीसाठी हाच क्रमांक चालतो.