रीस्टार्टची अ‍ॅलर्जी

वीज जाण्यापासून डेटाबेस सुरक्षित करायला तो बंद कशाला करायचा, असा सवाल एका विद्वानांनी टाकला आहे. त्यांच्या मते चालत्या सर्व्हरवरच कॅशिंगचे आणि डिस्कवर लिहिण्याचे वर्तन बदलावे. ग्राहक खोळंबत नाहीत, डेटाही सुरक्षित. रीस्टार्ट मागणारे आम्ही अर्थातच मागासलेले!

आता वीज गेल्यावर काय जाते? मेमरीत असलेले सगळे. आणि हा चालता बदल राहतो कुठे? मेमरीतच! मायएसक्यूएल घ्या. कमिटच्या वेळी लॉगचे काय करायचे, हे ठरवणारी एक सेटिंग त्यात आहे. ती 1 असेल तर प्रत्येक कमिटला लॉग डिस्कवर फ्लश होतो. 2 असेल तर लॉग ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशपर्यंत पोचतो आणि फ्लश साधारण सेकंदाला एकदा होतो. कॉन्फिग फाइलीत कुणीतरी वेगाच्या हव्यासापायी 2 लिहून ठेवलेले असते. आमचे विद्वान ‘सेट ग्लोबल’ देऊन त्याचे 1 करतात आणि निर्धास्त झोपी जातात. रात्री वीज जाते, यूपीएस दगा देतो. सकाळी सर्व्हर उठतो तो फाइल वाचून, म्हणजे पुन्हा 2 वर. कुणाला पत्ता नाही, कुठे अलार्म नाही. पहिल्या झटक्यात वाचलेली संस्था दुसऱ्या झटक्याला उघडी पडते, तीही आपण सुरक्षित आहोत या समजुतीत. 8.0 पासून ‘सेट पर्सिस्ट’ आहे, कबूल. पण तो बदलही फाइलीतच लिहून ठेवतो. शेवटी फाइलीपाशीच यायचे होते, तर एवढी गर्जना कशासाठी?

पोस्टग्रेसमध्ये बंद ठेवलेले एफसिंक, म्हणजे कॅशमधले डिस्कवर उतरवण्याचा हुकूम, रीलोडने चालू करता येते. पण कर्नलच्या कॅशमध्ये आधीच साचलेली पाने तेवढ्याने डिस्कवर जात नाहीत. ती वेगळी उतरवावी लागतात. हे त्याच्या दस्तऐवजातच लिहिले आहे. दस्तऐवज वाचणे हाही मागासलेपणाच असावा.

एलडी प्रीलोड या सोयीने डेटाबेस आणि सिस्टिमच्या मध्ये लायब्ररी घुसवायची म्हणता? एफसिंक निकामी करणाऱ्या लायब्रऱ्याही त्याच दाराने येतात. डिस्कच स्वतःच्या कॅशच्या भरवशावर खोटी पोच देत असेल, तर वर घुसवलेल्या लायब्ररीला ते कळणारही नाही.

2018 चा एफसिंकचा वाद आठवा. एफसिंक फसले तर पुन्हा करावे, असा जुना समज होता. लिनक्स मात्र चूक एकदा कळवून ती पाने लिहून झालेली धरत होते. दुसऱ्यांदा विचारले की ‘ठीक आहे’! डेटाबेसवाले कर्नलवाल्यांना बोल लावत होते, कर्नलवाले डेटाबेसवाल्यांना. अखेर फेब्रुवारी 2019 च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेसने मार्ग धरला तो असा: एफसिंक फसले की सरळ कोसळायचे आणि लॉगवरून सावरायचे. मागासलेला रीस्टार्टच कामी आला.

मग करावे काय? सेटिंग फाइलीत लिहा. ठरलेल्या वेळी सर्व्हर रीस्टार्ट करा आणि तीच सेटिंग लागू झाली ना, ते तपासा. चाचणीच्या सर्व्हरवर नोंदी टाकत राहा, ज्यांची पोच मिळाली त्या दुसऱ्या यंत्रावर टिपा आणि मध्येच प्लग ओढा. उठल्यावर ताळा जुळला तरच सही करा. चालत्या सर्व्हरवर तातडीने बदल करावा लागला तर जरूर करा, पण फाइल बदलल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.