पेरणीपूर्वीची पत

मृग नक्षत्र जवळ आले की शेतकऱ्याची नजर दोन ठिकाणी लागते. एक आभाळाकडे आणि दुसरी गावच्या सोसायटीच्या दाराकडे. आभाळावर कुणाची सत्ता चालत नाही. सोसायटीचे दार वेळेवर उघडणे मात्र सर्वस्वी माणसांच्या हाती आहे. तरीही अनेकांसाठी ते बंदच राहते. मग बियाणे-खते दुकानातून उधारीवर येतात, घरातला दागिना गहाण पडतो किंवा सावकाराची पायरी चढावी लागते.

हे दुखणे जुने आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. १८७९ मध्ये इंग्रज सरकारला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. पुढे १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के होता. वैकुंठभाई मेहता आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्यांनी सहकारासाठी आयुष्य वेचले, ते ही दरी बुजविण्यासाठीच.

आज शेतीच्या पतपुरवठ्याची चर्चा कर्जमाफीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. २००८ मध्ये केंद्राने, तर २०१७ व २०१९ मध्ये राज्याने माफी दिली. दुष्काळाने पिचलेल्याला दिलासा देणे हे शासनाचे कर्तव्यच आहे, त्याविषयी दुमत असू नये. परंतु माफी मागचा हिशेब मिटवते. पुढच्या पेरणीला पैसा देत नाही. घोषणेच्या आशेवर हप्ता थांबविणारा थकबाकीदार ठरतो आणि नव्या कर्जाला मुकतो. पोटाला चिमटा घेऊन परतफेड करणाऱ्याच्या मनात मात्र आपला प्रामाणिकपणाच मूर्खपणा ठरला, अशी बोच राहते. समाजाच्या नीतिमत्तेला याहून घातक काय असेल?

वेळेवर परतफेड करणाऱ्याला व्याजात मोठी सवलत मिळते. ती पदरात पडावी म्हणून मार्चअखेरीस गावोगाव ‘नवे-जुने’ केले जाते. खासगीतून चार दिवसांसाठी चढ्या व्याजाने रक्कम उचलायची, जुने कर्ज भरायचे आणि नवे उचलून खासगी देणे फेडायचे. कागदावर वसुली होते, पण नवे कर्ज पेरणीपूर्वीच संपलेले असते! बटाईने कसणाऱ्याच्या नावावर तर सातबाराच नसतो. पतीच्या आत्महत्येनंतर शेत सांभाळणाऱ्या कित्येक भगिनींच्या नावावरही तो वेळेत होत नाही. घाम एकाचा आणि पत दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था आहे.

दोष केवळ शासनाचा नाही. पीककर्जाचा पैसा दवाखान्यात गेला तर ती लाचारी होय. परंतु तो लग्नाच्या मांडवात आणि मानपानात गेला, तर त्याला प्रतिष्ठेच्या खोट्या कल्पना बाळगणारा समाजही जबाबदार ठरतो. साधेपणाने विवाह करणाऱ्या कुटुंबाचा गावाने सन्मान करणे, हीसुद्धा कर्जमुक्तीच आहे.

२०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झाले आणि २०२२ मध्ये प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण संगणक नोंदी ठेवील, नीयत ठेवणार नाही. संस्काराशिवाय सहकार टिकत नाही, हा लक्ष्मणराव इनामदारांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या सहकार भारतीचा आग्रह येथेच सार्थ ठरतो. गटबाजीचा आखाडा झालेली सोसायटी पुन्हा गावाची व्हायला हवी. तिच्या वार्षिक सभेला सभासदांनी जाणे, हिशेब विचारणे, गावातील सुशिक्षितांनी मे महिन्यापूर्वीच विधवेच्या वारसनोंदीचे आणि अल्पभूधारकाच्या कर्जाचे कागद पूर्ण करून देणे, यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

सावकाराची वही जाळून सावकारी संपली नाही, हे १८७५ ने शिकविले. पेरणीपूर्वी योग्य हाती पैसा पडेल, तेव्हाच ती संपेल. तो पडावा यासाठी गावाने उभे राहणे, हेच आजचे राष्ट्रकार्य आहे.