पेंटरला फोन करण्याआधी

जुनी फोक्सवॅगन बस दारात येऊन उभी राहिली की मालकाचा पहिला फोन पेंटरला जातो आणि दुसरा सीट शिवणाऱ्याला. मग टपावर काय लावायचं, पडदे कुठल्या कापडाचे, आत लाकूडकाम कोण करणार, यावर आठवडेच्या आठवडे खल होतो. गाडीखाली झोपून वर बघायला कोणी तयार नसतं. ताथवडे-वाकड पट्ट्यात हातात पैसा आला आहे, जुन्या गाड्यांची हौस आली आहे, आणि ती हौस मला मनापासून आवडते. हौस नसेल तर पन्नास वर्षांपूर्वीचं लोखंड कोण सांभाळणार? माझा राग आहे तो उलट्या टोकाने सुरुवात करण्यावर, आणि त्या उलट्या कामाला ‘रिस्टोरेशन’ म्हणत लाखांची बिलं फाडणाऱ्यांवर.

सुरुवात कागदापासून करायची. या बसेस आपल्याकडे आल्या कशा? साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातली तरुण मुलं तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा प्रवास करत गोव्यापर्यंत येत. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, वर्ष संपता संपता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, आणि तो रस्ता मिटला. हे प्रवासी गाडी ‘कार्ने’वर आणत. म्हणजे ठरलेल्या मुदतीत ती देशाबाहेर न्यायची, नाहीतर सीमाशुल्क भरायचं. मग जी बस माडाखाली सोडून मालक विमानाने परत गेला, तिचं शुल्क कोणी भरलं? एजंट म्हणतो, ‘साहेब, आरसी आहे ना, मग कशाला काळजी?’ काळजी याचीच, की आरसीच्या मागे कस्टम्सचा कागद नसेल तर ती गाडी विकणाऱ्याच्या बापाचीही नाही. पैसे मोजण्याआधी तो कागद मागा. मिळाला नाही तर उठून या.

कागदानंतर नंबर. इंजिनाच्या कप्प्यात चॅसिस नंबर ठोकलेला असतो. केबिनमध्ये एक छोटी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर गाडी कधी बनली, कुठल्या देशासाठी बनली, मूळ रंग कुठला, कारखान्यातून काय काय बसवून निघाली हे सांकेतिक आकड्यांत लिहिलेलं असतं. ही पट्टी म्हणजे गाडीची जन्मकुंडली. सडलेला पत्रा कापण्याच्या घाईत डेंटर ती भंगारात टाकतो, आणि मालक फोनवरचा फोटो दाखवून वरून पांढरा, खालून आकाशी रंग सांगतो. मूळ रंग तिथेच लिहिलेला होता, तो वाचण्याचे कष्ट दोघांनीही घेतले नाहीत.

इथेच एक निर्णय घ्यावा लागतो, आणि गॅरेजवाला तो तुम्हाला सांगत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाने नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच तिला परवानगी. म्हणजे ‘व्हीए’ नंबर घेऊन पोराबाळांना गणपतीपुळ्याला मुक्कामाला न्यायचं स्वप्न बघत असाल, तर ते आधीच सोडा. तुम्हाला जपलेली वस्तू हवी आहे की वापरायची कॅम्पर, हे पहिला नट सैल करण्याआधी ठरलं पाहिजे.

हे ठरलेलं नसतं म्हणून तो भयंकर सल्ला खपतो: ‘मूळ इंजिन काढून टाका, इथलंच एखादं बसवतो, पार्ट नाक्यावर मिळतील.’ मागच्या बाजूला हवेने थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन हाच या बसचा प्राण. तिला रेडिएटर नाही, पुढे त्याची जाळी नाही, तिची सगळी रचना त्या इंजिनाभोवती झाली आहे. ते उपटलं की विंटेज नोंदणीचा दावा गेला. साध्या नोंदणीतही मोटार वाहन कायद्याचं, असे फेरफार रोखणारं कलम ५२ आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडक शब्दांत स्पष्ट केला आहे. हे ठाऊक असूनही जो सल्ला देतो, तो तुमच्या गाडीचा मारेकरी आहे.

आता पत्रा. ताथवड्यातल्या एका शेडमध्ये मी नुकतीच रंगवलेली बस पाहिली. आरशासारखा रंग. सरकत्या दाराखालच्या पट्टीवर, म्हणजे सिलवर, मी पेचकसाचं टोक नुसतं टेकवलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं. पुट्टीचा बोटभर जाड पापुद्रा निघाला, त्यामागे जाळी, जाळीमागे कोंबलेला कागद. लोखंड नव्हतंच. या बसला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नसते. लांब बीम, आडवे आधार आणि दोन्ही बाजूंचे सिल हे सगळं एकत्र वेल्ड होऊन बॉडीला ताठ ठेवतं. सिल आत, मध्ये आणि बाहेर असा तीन पदरी. बाहेरचा पदर चकचकीत आणि आतले दोन गेलेले, म्हणजे गाडी पाठीच्या कण्याशिवाय उभी. बरं, ते बदलायचे तरी आधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप वेल्ड करून बॉडी जखडावी लागते. तसं न करता ग्राइंडर चालवला की बॉडी मधोमध बसते, सरकतं दार रुळावरून घसरतं, आणि मग ते आयुष्यभर हिसके मारूनच लावायचं. जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा पत्रा, पुढच्या केबिनची जमीन, काचेच्या रबराखालची कड, टपाची पन्हळ, इथे आधी चुंबक फिरवा. चिकटला नाही तर खाली पुट्टी आहे.

सर्वांत जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे, म्हणून तिथून काही मिळेल ही आशा सोडा. तिथे ही बस कधी बनलीच नाही. ब्राझीलमध्ये मात्र ती २०१३ च्या अखेरीपर्यंत बनत होती. म्हणून लोक परदेशातून सिल मागवतात, शुल्क भरतात, महिनोन्‌महिने थांबतात. आणि भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये डाय कापण्यात आयुष्य गेलेला माणूस चहाच्या टपरीवर बसलेला असतो. आपल्या पट्ट्याचं या बसशी जुनं नातं आहे. ती १९५० साली उत्पादनात आली, पण त्याच्या आदल्याच वर्षी हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीने टेम्पो मॅटाडोर काढली होती, तीही फोक्सवॅगनचंच इंजिन घेऊन. त्याच विडाल कंपनीशी सहकार्य करून फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो उभी केली आणि पुढे आकुर्डीतून मॅटाडोर देशभर गेल्या. त्या मॅटाडोरचे पत्रे ठोकलेले मिस्त्री अजून चिंचवड-आकुर्डीत आहेत. व्हॅनचा सिल कसा वाकवायचा हे त्यांना विचारायला कोणी जात नाही, कारण त्यांचं इन्स्टाग्रामवर पान नाही. 

पत्रा झाला की ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या, रंग त्याहीनंतर. या बसची टाकी इंजिनाच्या अगदी पुढे, मध्ये फक्त एक पत्रा. नळ्या तापलेल्या कप्प्यात शिरतात. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि जुनं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. ते फुगतं, मऊ पडतं, तडकतं, आणि तापलेल्या इंजिनावर ठिबकतं. मागे गादीवर लेकरं झोपलेली असतात. इथेनॉल सोसणारी नळी आणि नवे क्लिप यांचा खर्च आयात केलेल्या एका हेडलाइटच्या रिंगपेक्षाही कमी येतो. रिंग मात्र हमखास आधी येते. ब्रेकचे रबरी होज आतून फुगून बंद झालेले असतात, चाकाचे सिलिंडर गंजून अडकलेले असतात, आणि मालक ताम्हिणीत फोटो काढायला निघालेला असतो.

तेव्हा गॅरेजवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी लिहून घ्या: सिलचे तिन्ही पदर उघडे असताना फोटो, कुठला पत्रा किती गेजचा बदलला त्याची नोंद, काढलेला सडका तुकडा तुमच्या हातात. आणि हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर होईपर्यंत रंगाचा डबा शेडमध्ये येता कामा नये. यावर जो कटकट करेल, त्याच्या शेडमधून गाडी टो करून त्याच दिवशी बाहेर काढा.